खो मिळेपर्यंत

गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय कधीच गेलं.
आता पट्टा आहे, निळा, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या,
आणि शेफिल्डच्या नर्सने त्या बिजागऱ्यांना
तीस अंशांवर कुलूप घातलंय.

सोळाव्या वर्षी, नांद्रेच्या मैदानावर,
खुंटाला वळसा घेताना आत काहीतरी खट् झालं होतं.
हळद-तेल लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली.
ते खट् सव्वीस वर्षं गप्प बसलं
आणि वॉकलीच्या चढावर
कचऱ्याचा डबा ढकलताना एकदम बोललं.

डॉक्टर ॲथर्लींनी पडद्यावर बोट ठेवलं.
इथली कूर्चा गेली.
दोन पौंडांच्या नाण्याएवढं उघडं हाड,
गिलावा पडल्यावर वीट दिसते तसं.

पहिल्या खेपेला त्यांनी काठावरून
तांदळाच्या दोन दाण्यांएवढी कूर्चा खुडून नेली.
पाच आठवडे ती कुठल्याशा प्रयोगशाळेत
ऊबेला ठेवलेल्या विरजणासारखी वाढत होती.
बाबा म्हणायचे, पद्मजाची अक्कल गुडघ्यात.
म्हणजे त्यातली थोडी तेव्हा बाहेरगावी होती.

दुसऱ्या खेपेला खड्ड्यावर
चांदीच्या कागदाचा तुकडा दाबून माप घेतलं,
मापाचं ठिगळ कापलं, डिंकानं चिकटवलं.
टाका एकही नाही.
ठिगळात माझ्याच पेशी.
त्याला ते स्कॅफोल्ड म्हणतात, आपली परांची.
पण ही कोणी सोडवून उतरवत नाही.
घर उभं राहील तशी ती आपसूक विरते म्हणे.

संमतीच्या कागदावर, तिसऱ्या पानावर, होतं
परांची कशाची ते.
डुकराची.
काही हरकत? मॉरीननं विचारलं.
मी नाही म्हणाले, इतक्या पटकन
की माझं मलाच दचकायला झालं.

शाळेच्या किचनमध्ये बारा वर्षं
मी पोरांना सॉसेज वाढते, लांब चिमट्यानं,
हातमोजे घालून, श्वास धरून.
घरी कांदासुद्धा येत नाही.
शेजारच्या बाकावरचा कीथ ऑल्डरॉईड, मेंढपाळ,
त्याचाही गुडघा असाच शिवलेला.
म्हणाला, निदान मेंढीचं तरी लावायचं,
घरचं झालं असतं.
मी हसले. मग संडासात जाऊन रडले थोडी.

आईचा फोन नेहमी दिवस मावळायच्या आत,
तिच्या जेवणाआधी.
काय घातलंय गं आत?
जाळी, आई. विरघळते ती.
कशाची?
सुताची म्हणावं, की प्लास्टिकची?
मी काहीच म्हटलं नाही.
फोनमध्ये कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
मग त्या जिवाची क्षमा माग
आणि नीट चाल.
लंगडत बसलीस तर त्याचं फुकट जाईल.
आणि ठेवला.

रात्री यंत्र माझा पाय वाकवतं, सरळ करतं,
वाकवतं, सरळ करतं,
दळण दळल्यासारखं.
मला झोप नाही. मी आत बघते.
जाळीच्या चौकोनाचौकोनांत त्या बसल्या असतील,
एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं,
टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली,
सगळा जीव पाठीत.
मीही अशीच बसायचे, ओळीत तिसरी.
पाठीवर हात पडायच्या आधी उठलं की फाऊल.

सोमवारी कुलूप साठ अंशांवर नेलं.
घरापासून रस्त्यापर्यंत बावन्न पायऱ्या आहेत, दगडी, ओल्या.
मी वरच्या पायरीवर उभी राहिले,
कुबड्या काखेत, खाली ट्राम वळताना दिसत होती.
सहा उतरले.
मागून अजून कुणी आलेलं नाही.